शेजारच्या आजींची दहा किलो चिल्लर

आधीच सांगून टाकते, या गोष्टीत लाखो डॉलरचं नाणं वगैरे काही सापडत नाही. पण दहा किलो चिल्लर होती, तिचं काय करायचं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, आणि मी अमेरिकेत ओहायोत राहणारी, बँकेतली नोकरी सोडून घरी बसलेली, आकडेमोडीची खाज असलेली बाई, त्यामुळे ते काम आपसूक माझ्याकडे आलं.

शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या मिस्टरांचा, म्हणजे काकांचा, व्हेंडिंग मशीनचा धंदा होता. सिगरेट, चॉकलेट, कोल्ड्रिंक, शिवाय नाणं टाकलं की गाणं वाजवणारे ज्यूकबॉक्स, अशी मशिनं आसपासच्या गावांत बारमधे आणि कारखान्यांच्या कँटीनमधे लावायची आणि दर आठवड्याला जाऊन पैशाच्या पेट्या रिकाम्या करायच्या. १९६५ साली इथल्या सरकारने कायदा करून डाइम (दहा सेंट) आणि क्वार्टर (पंचवीस सेंट) यांच्यातली चांदी पूर्ण काढून टाकली, कारण चांदीचा भाव चढत चालला होता आणि नाण्यावर लिहिलेल्या किमतीपेक्षा आतली चांदी महाग होणार हे दिसत होतं. आता ज्याच्या हातातून रोज शेकडो नाणी जातात त्याला ही खबर म्हणजे चालून आलेली संधीच. काका संध्याकाळी पेट्या ओतायचे, चांदीचं नाणं दिसलं की ते डब्यात आणि त्याच्या बदली खिशातलं नवं नाणं हिशोबात. चोख. पुढच्या तीनचार वर्षांत चांदी बाजारातून गायबच झाली, कारण हाच उद्योग देशभर सगळेच करत होते. खोटा पैसा खऱ्याला हाकलतो म्हणतात ते हेच.

तर काका गेल्यावर तळघरात कॉफीचे पत्र्याचे डबे निघाले, ओळीने मांडलेले, आणि एक सिगारची लाकडी पेटी, तिच्यात मोठे चांदीचे डॉलर. आजींचा मुलगा म्हणाला बँकेत नेऊन भरून टाकू. बँक काय करणार, चार सेकंदात मशीनमधे ओतून लिहिलेल्या किमतीने, म्हणजे क्वार्टरचे पंचवीसच सेंट, खात्यात जमा. मी म्हटलं थांबा जरा.

पहिलं काम वर्गवारी, आणि त्याला काही अक्कल लागत नाही, नुसतं वर्ष बघायचं. डाइम, क्वार्टर, हाफ डॉलर यांच्यावर १९६४ किंवा त्याआधीचं साल असलं की ९० टक्के चांदी, बाकी १० टक्के तांबं. (१९६४ चं साल घातलेली नाणी टाकसाळीत पुढेही पाडत राहिले होते, म्हणून ती इतकी ढिगाने मिळतात.) हाफ डॉलरचं जरा वेगळं आहे, १९६५ ते १९७० मधल्या केनेडीच्या हाफमधे ४० टक्के चांदी आहे, आणि लोक हीच सर्रास विसरतात. डोळ्यांनी ओळखायचं तर नाण्याची कड बघायची. नव्या नाण्याच्या कडेला तांब्याची लाल रेघ स्पष्ट दिसते कारण ते सँडविच आहे, आत तांबं आणि वर तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा पातळ थर, आणि चांदीच्या नाण्याची कड सगळीकडून पांढरी. चाळीस टक्केवाल्याची मधेच, धड पांढरी नाही, धड लालही नाही.

आणि निकेल. म्हणजे पाच सेंटचं नाणं, त्यात एरवी चांदी नसते, म्हणून लोक डबाच बाजूला ठेवतात. पण दुसऱ्या महायुद्धात निकेल धातू युद्धसामग्रीसाठी हवा होता म्हणून १९४२ च्या उत्तरार्धापासून १९४५ पर्यंत पाच सेंटच्या नाण्यात ३५ टक्के चांदी घातली, बाकी तांबं आणि मँगनीज. ओळखायची खूण एकदम सोपी, मागच्या बाजूला जी घुमटाची इमारत आहे तिच्या घुमटाच्या वर टाकसाळीचं मोठ्ठं अक्षर, पी, डी किंवा एस. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने नाण्यावर पी हे अक्षर घातलं ते तेव्हाच पहिल्यांदा. ही नाणी जुनी झाली की एक मळकट काळपट रंग धरतात, थोड्या वेळाने मला तो रंग लांबूनच कळायला लागला आणि नातवंडांना मी कामाला लावलं, घुमटावर अक्षर दिसेल त्याला एक कुकी.

आता वजन. मला हा भाग फार आवडला. ९० टक्केवाली डाइम २.५ ग्रॅम, क्वार्टर ६.२५, हाफ १२.५. म्हणजे बघा, तिन्हींचं वजन किमतीच्या बरोबर प्रमाणात, एक डॉलरची कुठलीही चिल्लर घ्या, दहा डाइम किंवा चार क्वार्टर किंवा दोन हाफ, २५ ग्रॅमच. त्यामुळे वर्गवारी झाल्यावर नाणी मोजत बसायचीही गरज नाही, सगळी एकत्र काट्यावर ओतली तरी चालतं. आमचा ढीग ९.९ किलोला जरा कमी भरला आणि मोजल्यावर किंमत झाली बरोबर ४०० डॉलर, म्हणजे नवी असती तर १० किलो, मधले शंभरेक ग्रॅम डब्यात जाण्याआधी लोकांच्या खिशात झिजून गेले. ही झीज धरूनच व्यापारी हिशोब करतात. एक डॉलर फेसमधे (म्हणजे नाण्यांवर लिहिलेल्या किमतीत एक डॉलर) नवी असताना ०.७२३ ट्रॉय औंस चांदी, पण बाजारात ०.७१५ धरायची पद्धत आहे.

ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. आपला तोळा ११.६६ ग्रॅम, आणि जुना चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा असायचा हे घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं असेलच. तर चारशे गुणिले ०.७१५ म्हणजे २८६ औंस. तेव्हा चांदी औंसाला तीस डॉलरच्या आसपास होती, म्हणजे साधारण साडेआठ हजार डॉलरची चांदी. आता भाव बदललाय पण गुणाकार तोच, त्या दिवशीचा भाव घ्या आणि ०.७१५ ने गुणा, मग एका डॉलरच्या फेसला किती पट ते कळतं. तीसच्या भावाला साडेएकवीस पट. हा आकडा डोक्यात पक्का बसवून मगच दुकानाची पायरी चढायची, का ते पुढे सांगते.

इथपर्यंत नुसता भंगाराचा हिशोब, याला इथे जंक सिल्वर असंच म्हणतात. खरी गंमत यानंतर, या ढिगात असं एखादं नाणं आहे का ज्याची किंमत चांदीपेक्षा जास्त आहे. यासाठी भिंग लागतं, सोनारांचं असतं ते दहा पट दाखवणारं, आणि एक चांगला टेबल लँप. आणि वर्ष आणि टाकसाळीचं अक्षर यांची जोडी बघायची, नुसतं वर्ष नाही. फिलाडेल्फियाचं अक्षर (ती युद्धातली निकेलं सोडून) जुन्या नाण्यांवर नसतंच, डेन्व्हर डी, सॅन फ्रान्सिस्को एस, न्यू ऑर्लिन्स ओ, आणि नेव्हाडातलं कार्सन सिटी सीसी. कुठल्या नाण्यावर अक्षर कुठे असतं ते आधी बघून ठेवा, वॉशिंग्टनच्या जुन्या क्वार्टरवर मागे गरुडाच्या खाली पानांच्या माळेच्या खाली, मर्क्युरी डाइमवर (पंखांच्या टोपीतल्या देवीची जुनी डाइम) मागे काठ्यांच्या जुडीच्या डावीकडे तळाशी, ते तर इतकं बारीक की चष्म्यावर भिंग धरावं लागतं.

डाइममधे सगळ्यांना हवी असते ती १९१६ ची डी, फक्त २,६४,००० पाडलेली. आमच्याकडे १९१६ ची एक निघाली, मी श्वास रोखून उलटी केली, अक्षर नाही. फिलाडेल्फियाची, ती दोन कोटींहून जास्त पाडलेली. ठीक आहे. आणि समजा डी दिसला असता तरी लगेच उड्या मारायच्या नाहीत, कारण साध्या डाइमवर डी चिकटवून विकणं हा इथला फार जुना धंदा आहे. क्वार्टरमधे १९३२ ची डी आणि १९३२ ची एस, दोन्ही पाच लाखांच्या आत. आणि इथे मात्र काकांनी कमाल केली होती, क्वार्टरच्या ढिगात एक १९३२ डी निघाली, चांगलीच झिजलेली, वॉशिंग्टनच्या केसांच्या रेघा जवळजवळ सपाट, पण वर्ष स्पष्ट आणि मागे डी. कोणीतरी साठच्या दशकात ते नाणं सिगरेटच्या मशीनमधे टाकलं होतं.

त्याच ढिगात उभ्या स्वातंत्र्यदेवीच्या काही क्वार्टर होत्या, १९१६ ते १९३० मधल्या, आणि त्यांतल्या अर्ध्यांवर वर्षच नाही. चूक टाकसाळीची. वर्षाचे आकडे देवीच्या पायाखालच्या चौथऱ्यावर उठावात कोरले होते, म्हणजे नाणं खिशात घासलं की सगळ्यात आधी वर्ष जाणार, आणि हे त्यांच्या लक्षात यायला १९२५ साल उजाडलं, मग आकडे खोलगट केले. वर्ष पुसलेली नाणी सुंदर असली तरी चांदीच्याच भावाने जातात.

आता सिगारची पेटी. त्यात ३४ डॉलर होते, आजींच्या सासूबाईंकडून आलेले. १९६४ पर्यंत इथे बँकेत जाऊन सिल्वर सर्टिफिकेट (म्हणजे चांदीच्या हमीची कागदी नोट) दिलं की चांदीचा डॉलर मिळायचा, मार्चमधे ते बंद झालं, त्याआधी लोक रांगा लावून उचलत होते. दोन जाती असतात मुख्य. मॉर्गन, १८७८ ते १९०४ आणि मग एकदम १९२१. आणि पीस डॉलर, १९२१ ते २८, आणि ३४-३५. दोन्ही २६.७३ ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशोबाने सव्वादोन तोळ्यांच्या जरा वर, आणि आत ०.७७३४ औंस चांदी. हातात घेतला की जड, गार, आपल्याकडे खणखणीत बंदा रुपया म्हणतात तो तसाच असणार असं वाटतं.

आणि मॉर्गन १९०४ नंतर १९२१ ला परत का आला याचं कारण वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीचे रुपये कमी पडायला लागले, लोक नोटा घेऊन रुपये मागायला यायला लागले, सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली ती १९१७ ची. इंग्रजांना चांदी कुठून तरी आणायलाच हवी होती, तर अमेरिकेने १९१८ मधे पिटमन कायदा केला आणि तिजोरीत पडून असलेले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवून टाकले, त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनला हिंदुस्थानसाठी विकली. म्हणजे आपल्या घरी लक्ष्मीपूजनाला जे राजा छाप रुपये निघतात, १९१८-१९ चे, त्यांच्यात मॉर्गन डॉलरची चांदी असण्याची बरीच शक्यता. कायद्यात असंही होतं की वितळवलेले डॉलर पुन्हा पाडायचे, म्हणून १९२१ ला घाईघाईने मॉर्गन पुन्हा सुरू, त्या एका वर्षात तिन्ही टाकसाळी मिळून साडेआठ कोटींच्या वर. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती उठून देवघरातला रुपया घेऊनच आली, १९१९ चा निघाला.

याचा उलटा परिणाम असा की १९२१ चा मॉर्गन दिसला की फार खूश व्हायचं नाही, तो सगळ्यात सामान्य. पीसमधे तसाच १९२२ चा, एकट्या फिलाडेल्फियात पाच कोटींच्या वर. आमच्या चौतीसमधे हे दोनच मिळून निम्म्याहून जास्त होते. एक पीस १९२८ चा होता, १९२८ फिलाडेल्फियाचा फक्त ३,६०,००० च्या आसपास पाडलेला म्हणून त्याला भाव आहे, भिंग लावलं तर मागे 'वन' या शब्दाखाली, गरुडाच्या पंखाच्या टोकाच्या वर, एवढासा एस. म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, सोळा लाख. कोणी तो एस खरवडून काढून फिलाडेल्फियाचा म्हणून विकतात ते याचसाठी.

आणि एक सीसी. १८९० सीसी. मॉर्गनवर अक्षर मागे पानांच्या माळेच्या गाठीखाली असतं, आणि कार्सन सिटीची नाणी म्हटलं की इथल्या लोकांचे डोळे चमकतात, चांदीच्या खाणींशेजारची टाकसाळ, १८७० ते १८९३ एवढंच आयुष्य. या वर्षाची एक प्रसिद्ध तऱ्हा आहे, ठशावर ओरखडा पडल्यामुळे गरुडाच्या शेपटीपासून माळेपर्यंत एक जाड दांडी उमटलेली दिसते, टेलबार म्हणतात, तिला जास्त किंमत. आमच्यावर दांडी नव्हती. पण त्याहून वाईट म्हणजे ते नाणं आरशासारखं चकचकीत होतं.

चकचकीत म्हणजे चांगलं असं वाटतं ना, नाही. आजींच्या सासूबाई म्हणे दर ख्रिसमसला पेटीतली वरची नाणी चांदीच्या पॉलिशने घासून टेबलावर मांडायच्या. आता मी कोणत्या तोंडाने हसू, आपणही दिवाळीच्या आधी समया आणि तबकं रांगोळी नाहीतर चिंच लावून घासतोच की, आणि आईने तर त्याच कॉलवर सांगितलं होतं की काळी पडली असतील तर टूथपेस्ट लाव. नाण्याला ते विष आहे. टाकसाळीतून नवं निघालेल्या नाण्यावर धातू दाबाने बाहेरच्या बाजूला वाहिल्याच्या अतिशय बारीक रेषा असतात, त्यामुळे दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं केलं की उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. घासलं की त्या रेषा गेल्या, त्या परत येत नाहीत, मग उजेड फिरत नाही, सगळीकडून एकसारखा अंगावर येतो, आणि भिंगाखाली एकाच दिशेचे केसासारखे ओरखडे. पेटीच्या तळाला एक १८८१ एस होता, कडेला सोनेरी-जांभळा डाग पडलेला, घासायला कोणाच्या हाताला लागला नसावा, तो लँपखाली फिरवला आणि चाक असं काही फिरलं की आजी म्हणाल्या, "अगं, हा तर जिवंत आहे!" आता १८८१ एस काही दुर्मिळ नाही, सव्वा कोटीच्या वर पाडलेत, तरी त्या सीसीच्या शेजारी ठेवल्यावर कळतं पैसे कशाचे असतात.

ग्रेड म्हणजे हीच अवस्था, १ ते ७० आकड्यांत. ही मोजपट्टी शेल्डन नावाच्या माणसाने १९४९ साली काढली, साठपासून पुढे न वापरलेली नाणी, खाली वापरलेली. मॉर्गनवर कानाच्या वरचे केस आणि मागे गरुडाची छाती बघायची, हे सगळ्यात उंच भाग, आधी हेच झिजतात. घरबसल्या जमवायचं असेल तर पीसीजीएस या नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या कंपनीच्या साइटवर प्रत्येक ग्रेडचे फोटो आहेत, आपलं नाणं शेजारी धरून तुलना करायची. मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता की जी ग्रेड वाटते त्याच्या एक पायरी खालची धरायची, कारण नाणं आपल्या हातात असलं की त्याला मार्क जास्तच दिले जातात. भाव बघताना ईबेवर लोक मागतात ते आकडे बघायचे नाहीत, विकून झालेल्यांचा फिल्टर लावायचा, मागायला काय, कोणीही कितीही मागतं. मोठ्या लिलावगृहांचे जुने निकालही फुकट बघता येतात.

भावाबद्दल एक किस्सा इथे सगळे सांगतात तो खरा आहे. १९०३ चा न्यू ऑर्लिन्सचा मॉर्गन, हा एकेकाळी सगळ्यात दुर्मिळ समजला जायचा, नव्या अवस्थेत १५०० डॉलर लावायचे, आणि १९६२ च्या शेवटी सरकारी तिजोरीतून त्याच्या न उघडलेल्या थैल्याच बाहेर आल्या. भाव रातोरात कोसळला. त्यामुळे किती पाडले हा आकडा एकटा काही सांगत नाही, किती उरले ते महत्त्वाचं, आणि मॉर्गन तर कोट्यवधी वितळलेत.

पेटीत एक ट्रेड डॉलरही होता, मुलाने कधीतरी पर्यटनात कुठल्याशा बाजारातून आणलेला. ही जात चीनशी व्यापारासाठी १८७३ पासून पाडली, मागे ४२० ग्रेन असं वजनच लिहिलेलं असतं, म्हणजे २७.२२ ग्रॅम. काट्यावर ठेवला, २२.१. विषय तिथेच संपला होता, तरी मला पाण्याचा प्रयोग करून बघायचा होता. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं पण तळाला टेकू द्यायचं नाही, आणि काटा जेवढा वाढेल तेवढ्याने नाण्याच्या वजनाला भागायचं. ९० टक्के चांदीला १०.३ च्या आसपास यायला हवं. खऱ्या मॉर्गनने २.५५ दाखवलं, २६.४ भागिले २.५५, बरोबर. ट्रेड डॉलरने २.७२, म्हणजे आठच्या जरा वर, पितळेच्या आसपासचं काहीतरी. त्याच्यावर चिनी व्यापाऱ्यांचे खरे-खोटे तपासल्याचे छापसुद्धा मारलेले होते, म्हणजे खोट्यावर खरेपणाचा शिक्का. मुलगा ओशाळला, आजी हसत सुटल्या.

मग विक्री. एका हायवेच्या हॉटेलात दोन दिवसांपुरतं टेबल टाकून सोनंचांदी विकत घेणाऱ्यांची जाहिरात आली होती, आजींना उत्सुकता, म्हणून थोडी नाणी घेऊन गेलो. त्या माणसाने सगळं एका ट्रेमधे ओतलं, बोटं फिरवली आणि म्हणाला फेसच्या बारा पट. साडेएकवीसची चांदी आणि बारा पट! मी विचारलं आजचा भाव काय धरलाय, तर म्हणाला तुम्हाला बँक एक पट देईल. नाणी परत मोजून घेतली आणि निघालो. त्यानंतर गावातल्या कायमच्या दुकानांत गेलो, तिथे चांदीचा भाव स्क्रीनवर लागलेला असतो आणि पट सरळ फळ्यावर लिहिलेली, जंकला चांदीच्या किमतीच्या थोडं खाली देतात, दुकानदारालाही पोट आहे. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन म्हणून नाणी जमवणाऱ्यांची १८९१ पासूनची संस्था आहे, तिच्या सभासद दुकानदारांची यादी ऑनलाइन आहे, आम्ही तिथून सुरुवात केली. ढिगातून वेगळी काढलेली नाणी मात्र कधीही ढिगासोबत दाखवली नाहीत. आधी जंकचा सौदा, पैसे हातात, मग दुसऱ्या डबीतून १९३२ डी. एकत्र ठेवली की सगळं एकाच पटीत जातं.

१९३२ डी ला दुकानदार म्हणाला खरं वाटतंय, पण डी चिकटवलेलं असू शकतं, ग्रेडिंग करून आणा. ग्रेडिंगला फी, पाठवणावळ, विमा, सगळं मिळून खर्च येतो, म्हणून प्रत्येक नाण्याला ते परवडत नाही, १९२१ च्या मॉर्गनला तर मुळीच नाही. हे एक पाठवलं. काही आठवड्यांनी प्लास्टिकच्या सीलबंद डबीत परत आलं, अस्सल, ग्रेड 'जी-६' (जी म्हणजे गुड), म्हणजे बरंच खालचं, मी एक पायरी वरच धरलं होतं बघा. तरी चांदीच्या कितीतरी पट. सीसी पाठवला असता तर घासलेला म्हणून आकडाच मिळाला नसता, नुसतं खरं आहे आणि साफ केलेलं आहे एवढंच लेबल, म्हणून तो तसाच विकला, लोक सीसी म्हणून घेतात तरीही.

कराचं थोडक्यात, कारण हे विचारतात. वारशाने आलेल्या मालाची खरेदी किंमत म्हणजे माणूस गेला त्या दिवसाचा बाजारभाव धरतात, काकांनी पंचवीस सेंटला घेतलं होतं ते नाही, त्यामुळे आजींना नफा जवळजवळ निघालाच नाही. एरवी वर्षाच्या वर ठेवून विकलेल्या नाण्यांच्या नफ्यावर शेअर्सपेक्षा जास्त, २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. माणूस गेला त्या तारखेचा भाव लिहून ठेवा, छापून.

जे ठेवले ते डॉलर, त्यांच्या विम्याचीही चौकशी केली तर कळलं की इथल्या साध्या घराच्या पॉलिसीत नाण्यांना आणि चांदीला साधारण २०० डॉलरचीच मर्यादा असते, घर जळलं तरी पेटीचे दोनशे. वेगळं कलम लावून घेतलं, त्यासाठी फोटोसकट यादी लागली, ती मी एक्सेलमधे केली होतीच. जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून सगळी नाणी काढली, त्यातल्या पीव्हीसीने चांदीवर हिरवट चिकट थर येतो, एकदोघांवर आला होता, तो शुद्ध ॲसिटोनमधे बुडवून काढला, न घासता, बुडवायचं आणि सुकू द्यायचं, बस.

आता तळघरात अजून एक डबा आहे, पेनीचा (म्हणजे एक सेंटच्या नाण्यांचा), सगळ्यात जड. मी आजींना सांगितलंय की पेनीत चांदी नाही, माझं काम संपलं. तर परवा त्यांनी स्वतःच भिंग मागून नेलं, कोणीतरी त्यांना १९०९ च्या त्या एस वाल्या लिंकन सेंटबद्दल सांगितलंय, मागे तळाला बारीक व्हीडीबी अशी अक्षरं असतात तो, पाच लाखांच्या आतच पाडलेला. आणि काल सकाळी फोन, १९०९ सापडला, एस आहे की नाही दिसत नाही, येतेस का.